लेथवरच्या टूलसाठी २६ वर्षं आणि साडेतीन लाख किलोंहून जास्त लोखंड खर्ची घालणारा फ्रेडरिक टेलर

साल होतं १९००. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि जगभरातून लोक नवनवीन यंत्रं बघायला आले होते. अमेरिकेच्या बेथलहेम स्टील कंपनीने तिथे एक लेथ चालू ठेवला होता.

लेथ बघायला कुणी पॅरिसला येत नाही. पण या लेथसमोर मात्र युरोपातले इंजिनियर थबकून उभे राहत होते. कारण लेथवरच्या टूलचं टोक लालबुंद झालं होतं, पोलादाच्या निळ्या पडलेल्या चिप्स भराभर बाहेर पडत होत्या, आणि तरीही टूलची धार शाबूत होती.

त्या काळातल्या कुठल्याही टर्नरला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की टूल लाल झालं म्हणजे टूल मेलं. लेथ थांबवा, टूल काढा, पुन्हा धार लावा. इथे तर टूल लाल होऊनही कापत होतं, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने.

ही करामत ज्या दोघांची होती त्यातला एक होता मॉन्सेल व्हाइट, आणि दुसरा फ्रेडरिक विन्स्लो टेलर.

टेलरचं नाव आज मॅनेजमेंट शिकणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं. सायंटिफिक मॅनेजमेंटचा जनक, स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहणारा माणूस, अशी त्याची ओळख. पण या सगळ्याची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून झाली होती. लेथवर कुठलं टूल लावायचं आणि ते किती वेगाने चालवायचं?

आज भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एखाद्या शॉपमध्ये टर्नर कार्बाइडचा इन्सर्ट निवडतो, म्हणजे शॉपच्या भाषेत टिप बदलतो, तेव्हा तो टेलरनेच मांडलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधत असतो. म्हणूनच ही गोष्ट सुरुवातीपासून समजून घ्यायला हवी.

वकिलाचा पोरगा कारखान्यात

टेलरचा जन्म २० मार्च १८५६ चा, फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउन भागातला. घर खाऊनपिऊन सुखी. वडील वकील, आई गुलामगिरीच्या विरोधात काम करणारी. लहानपणी घरच्यांबरोबर त्याने युरोप पाहिला. मग फिलिप्स एक्झिटर या नामांकित शाळेत गेला आणि १८७४ मध्ये हार्वर्डची प्रवेश परीक्षाही चांगल्या मार्कांनी पास झाला.

पुढचं सगळं ठरलेलं होतं. हार्वर्ड, वकिली, आणि मग वडिलांसारखं आयुष्य.

पण रात्र रात्र जागून अभ्यास केल्यामुळे त्याचे डोळे दुखायला लागले, डोकं ठणकायला लागलं. हार्वर्डचा विषय तिथेच संपला. आणि या श्रीमंत घरातल्या पोराने फिलाडेल्फियातल्या एका पंप बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात शिकाऊ म्हणून काम धरलं. पॅटर्न मेकर आणि मशिनिस्टचं काम. सुरुवातीला हातात पगार जवळपास नव्हताच. पण घरच्या परिस्थितीमुळे त्याला त्याची फिकीरही नव्हती.

चार वर्षांनी, १८७८ मध्ये, तो मिडव्हेल स्टील या कारखान्यात लागला. लागला तो साधा मजूर म्हणून. मग कारकून, मग लेथवर, मग टोळीचा मुकादम, मग फोरमन, आणि काही वर्षांतच चीफ इंजिनियर. वर चढण्यात हुशारी होतीच, पण ओळखही होती. कंपनीच्या भागीदारांपैकी एकाच्या मुलाशी त्याच्या बहिणीचं लग्न झालं होतं.

हा मेहुणा म्हणजे क्लॅरेन्स क्लार्क. या दोघांनी १८८१ मध्ये अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस दुहेरी स्पर्धा जिंकली. त्याच काळात टेलर नोकरी सांभाळून घरी अभ्यास करत होता. १८८३ मध्ये त्याने स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवीही मिळवली.

मुकादम विरुद्ध टर्नर

लेथवर काम करत असताना टेलरने एक गोष्ट बघितली होती. शॉपमधले लोक मुद्दाम हळू काम करत होते. त्याच्या अंदाजाने, जेवढं होऊ शकतं त्याच्या एक तृतीयांशच काम होत होतं.

यात आळस हे कारण नव्हतं. पगार पीस रेटवर होता, म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे. पण एखाद्याने जास्त नग काढून जास्त पैसे मिळवले की मालक दर कमी करायचा. म्हणजे काम दुप्पट आणि पैसे तेवढेच. म्हणून सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की दिवसाला इतकेच नग काढायचे. एक जास्त नाही.

टेलर स्वतः मुकादम झाला तेव्हा त्याने ही साखळी तोडायची ठरवली. पुढची सुमारे तीन वर्षं शॉपमध्ये युद्धच चालू होतं. टेलर दर कमी करायचा, लोकांना काढायचा, नवीन माणसं शिकवून उभी करायचा. कामगार मुद्दाम मशीन बंद पाडायचे आणि जोरात चालवल्यामुळे मशीन तुटलं असं सांगायचे. टेलर मग तुटलेल्या मशीनचा दंडच बसवायचा. त्याला धमक्याही आल्या.

शेवटी टेलर जिंकला, पण त्यात त्याला आनंद नव्हता. ज्यांच्याबरोबर रोज काम करायचं त्यांच्या डोळ्यांत रोज वैर बघायचं, हे त्याला नकोसं झालं होतं.

आणि त्यातूनच एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. तो लोकांना वेग वाढवा म्हणून सांगत होता, पण नेमका किती? अमुक पोलादाचा जॉब, अमुक टूल, अमुक खोलीचा कट असेल तर लेथ किती वेगाने चालवता येतो, हे ना त्याला माहीत होतं ना टर्नरला. टर्नर आपल्या उस्तादाकडून शिकलेला अंदाज वापरत होता. प्रत्येकाच्या टूलला धार वेगळी, कोन वेगळा, आकार वेगळा. ज्याचा त्याचा हात आणि ज्याची त्याची सवय.

म्हणजे भांडण ज्या गोष्टीवरून चाललं होतं, त्या गोष्टीचं खरं उत्तर दोन्हीपैकी कुणाकडेच नव्हतं.

सहा महिन्यांचं काम, लागली २६ वर्षं

१८८० मध्ये टेलरने मिडव्हेलचे प्रमुख विल्यम सेलर्स यांच्याकडे प्रयोग करण्यासाठी परवानगी मागितली. सेलर्स स्वतः मशीन टूल्समधलं मोठं नाव. त्यांना या प्रयोगातून फारसं काही निघेल असं वाटत नव्हतं, तरी त्यांनी परवानगी दिली. अंदाज होता की सहा महिन्यांत काम होईल.

६६ इंच व्यासाचं एक व्हर्टिकल बोरिंग मिल घेतलं गेलं. त्यावर रेल्वे इंजिनाच्या चाकांवर बसवायच्या पोलादी धावा लावल्या. धावच का? कारण तिचं पोलाद कठीण असतं, सगळीकडे एकसारखं असतं, आणि आकार मोठा असल्यामुळे एकाच तुकड्यावर बराच वेळ कट चालू ठेवता येतो. प्रयोगात फक्त एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, ही टेलरची शिस्त होती.

सहा महिने संपले तेव्हा प्रश्न सुटला नव्हता, उलट वाढला होता. पण हाताला काही गोष्टी लागल्या होत्या आणि त्यातून खर्च भरून निघत होता, म्हणून प्रयोग चालू राहिले.

पहिली गोष्ट टूलच्या आकाराची. तेव्हा टोकदार टूल वापरायची पद्धत होती. टेलरच्या प्रयोगात गोल नाकाचं टूल सरस ठरलं. गोल टोकामुळे चिपची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, त्यामुळे टूलवरचा दाब एकदम एका लयीत वरखाली होत नाही आणि थरथर कमी होते. शिवाय टोकाजवळ चिप पातळ असल्यामुळे तिथली धार जास्त टिकते.

दुसरी गोष्ट पाण्याची. टूल जिथे कापतं तिथे, चिपवरच, पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो असं दिसलं. मग मिडव्हेलने नवीन शॉप बांधताना प्रत्येक मशीनपर्यंत पाण्याची सोय केली. गंज चढू नये म्हणून पाण्यात सोडा मिसळलेला. आज सीएनसीच्या दाराआड कूलंटचा फवारा दिसतो त्याच्या आधीची ही पायरी.

तिसरी गोष्ट पट्ट्याची. तेव्हा लेथ विजेवर नाही तर छतावरच्या शाफ्टवरून आलेल्या चामडी पट्ट्यावर चालायचा. पट्टा सैल असेल तर टूल कितीही चांगलं असो, जोराच्या कटला लेथ दमतो. टेलरने नऊ वर्षं पट्ट्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १८९३ मध्ये त्यावर वेगळा निबंध लिहिला.

१८९० मध्ये त्याने मिडव्हेल सोडलं, कागदाच्या गिरण्या चालवणाऱ्या कंपनीत मॅनेजर झाला, तिथे मन रमलं नाही म्हणून १८९३ पासून स्वतंत्र सल्लागार झाला. पण टूलचे प्रयोग सुटले नाहीत. ज्या कंपनीचं काम घ्यायचं तिथे प्रयोगांसाठी मशीन मिळवायचं, असं चालू राहिलं. सगळी मिळून अशी दहा मशीन्स वापरली गेली.

बारा प्रश्न

लेथ किती वेगाने चालवायचा याचं उत्तर एका गोष्टीवर नाही तर बारा गोष्टींवर अवलंबून आहे, असं टेलरने शेवटी मांडलं.

जॉबचा धातू कोणता आहे. टूल कशाचं बनलंय आणि ते कसं तापवून थंड केलंय. चिप किती जाडीची निघते, म्हणजे फीड किती. कटची खोली किती. धारेचा आकार आणि कोन कसे आहेत. कूलंट आहे का. पुन्हा धार लावण्याआधी टूल किती वेळ चालायला हवं. चिपचा टूलवर दाब किती. जॉबचा व्यास किती. जॉब आणि टूल किती लवतात, थरथरतात. लेथमध्ये वेग आणि फीडचे किती टप्पे आहेत. आणि लेथची ताकद किती.

यातली कुठली गोष्ट किती महत्त्वाची तेही त्याने मोजलं. जॉबच्या धातूचा फरक सगळ्यात मोठा. कठीण केलेल्या पोलादाला १ धरलं तर अगदी मऊ पोलादाला वेग १०० पट. टूलच्या पोलादाचा फरक साध्या कार्बन स्टीलला १ धरलं तर उत्तम हायस्पीड स्टीलला ७. आणि थरथरणाऱ्या टूलला १ धरलं तर शांत चालणाऱ्या टूलला १.१५.

आज इन्सर्ट निवडताना हाच क्रम पाळला जातो. आधी जॉबचा धातू बघायचा, मग टूलचा ग्रेड, मग बाकीचं.

चुकलेला प्रयोग

१८९८ मध्ये टेलर बेथलहेम स्टीलमध्ये आला. कंपनी तोफांचे आणि चिलखती पत्र्यांचे मोठमोठे फोर्जिंग बनवायची, आणि सगळं काम मशीन शॉपमध्ये येऊन तुंबायचं. लेथचा वेग वाढल्याशिवाय काही खरं नव्हतं.

टूलसाठी तेव्हा मशेट स्टील नावाचं पोलाद मिळायचं. इंग्लंडच्या रॉबर्ट मशेटने १८६८ मध्ये टंगस्टन घालून ते काढलं होतं. हवेतच थंड होऊन कठीण व्हायचं, पाण्यात बुडवावं लागायचं नाही. लोक ते फक्त कठीण जॉबसाठी वापरायचे. टेलरने आधीच दाखवून दिलं होतं की खरा फायदा मऊ पोलाद कापताना जास्त होतो.

बेथलहेममध्ये त्याने बाजारातल्या पोलादांतून एक निवडलं आणि शॉपच्या फोरमन मंडळींसमोर त्याचं प्रात्यक्षिक ठेवलं. आणि सगळ्यांसमोर फजिती झाली. निवडलेली टूल्स जुन्या टूल्सपेक्षाही वाईट चालली.

पहिला संशय आला तो टूल तापवणाऱ्या माणसावर. टूल प्रमाणाबाहेर तापलं असणार. तेव्हाचा नियम असा होता की टूल चेरीसारखं लाल होईपर्यंतच तापवायचं, म्हणजे साधारण ८४५ अंश सेल्सियस. त्याच्या वर गेलं की पोलाद जळलं, टाकून द्या.

दुसरा कुणी असता तर त्याने लोहाराला झापलं असतं आणि विषय संपवला असता. टेलर आणि धातुशास्त्र जाणणारा मॉन्सेल व्हाइट यांनी उलट केलं. नेमक्या कुठल्या तापमानाला टूल बिघडतं ते शोधायचं ठरवलं. एकामागून एक टूल थोडं थोडं जास्त तापवत गेले.

अपेक्षेप्रमाणे ८४५ अंशांच्या वर टूल बिघडत गेलं. पण सुमारे ९४० अंशांच्या पुढे गेल्यावर उलटंच घडायला लागलं. टूल सुधारायला लागलं. आणखी तापवलं, आणखी सुधारलं. पार वितळायला येईपर्यंत तापवलेलं टूल सगळ्यात चांगलं निघालं.

आज यामागचं कारण माहीत आहे. टंगस्टन आणि क्रोमियमची कठीण कार्बाइडं पोलादात नीट विरघळायला एवढी मोठी उष्णता लागते. एकदा ती विरघळली आणि पोलाद योग्य पद्धतीने थंड झालं की मग ते लाल होईपर्यंत तापलं तरी आपला कठीणपणा सोडत नाही.

कापायचा वेग दुप्पट, तिप्पट, चौपटही झाला. यालाच पुढे हायस्पीड स्टील म्हटलं गेलं, आणि त्यामुळे पॅरिसमध्ये लोक थबकले.

नवीन टूल आल्यावर जुने लेथ अपुरे पडले. त्यांची ताकद कमी, वेगाचे टप्पे कमी, बॉडी हलकी. लेथ बनवणाऱ्या कंपन्यांना आपली मशीन्स नव्याने आखावी लागली. टेलर आणि व्हाइट यांच्या पद्धतीचं पेटंट मात्र १९०९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात टिकलं नाही.

धार लावायचं काम काढून घेतलं

टूल सापडलं, तरी बारा प्रश्नांचं गणित उरलंच होतं. बारा गोष्टींचं समीकरण शॉपमध्ये उभं राहून कोण सोडवणार? इथे मदतीला आला कार्ल बार्थ, नॉर्वेत जन्मलेला गणितात तरबेज माणूस. त्याने या सगळ्या सूत्रांची एक स्लाइड रूल बनवली. पट्ट्या सरकवायच्या की अर्ध्या मिनिटात उत्तर हातात. अमुक जॉब, अमुक लेथ, तर इतका वेग आणि इतका फीड.

त्याचबरोबर टेलरने आणखी एक बदल केला. टूलला धार लावायचं काम टर्नरच्या हातातून काढून घेतलं. टूल रूममध्ये ठरलेल्या आकाराची टूल्स, ग्राइंडिंग मशीनवर ठरलेल्या कोनात धार लावून तयार ठेवायची. टर्नरने ती घ्यायची, लावायची, आणि कार्डावर लिहिलेल्या वेगाने चालवायची.

टेलरच्या दृष्टीने यात सगळ्यांचाच फायदा होता. अंदाजावर भांडणं संपतील, उत्पादन वाढेल, कामगाराला जास्त पैसे मिळतील. पण कामगाराच्या बाजूने बघितलं तर? ज्या माणसाने अर्धं आयुष्य घालवून धार लावायची कला कमावली होती, त्याला आता सांगितलं जात होतं की तू विचार करू नकोस, तो ऑफिसमध्ये झालाय.

बेथलहेममध्येच टेलरने फावड्याचा अभ्यास केला. एका वेळी फावड्यात साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल असेल तर माणूस दिवसभरात सगळ्यात जास्त काम करतो, असं त्याने काढलं. मग हलक्या कोळशासाठी मोठं फावडं, जड खनिजासाठी लहान. तत्त्व लेथचंच, माल बघून हत्यार निवडायचं.

पण माणसाला लेथसारखं मोजायला गेल्यावर गाडी घसरली. कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलणाऱ्या एका मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांऐवजी सत्तेचाळीस टन काम करून घेतल्याची गोष्ट टेलर सगळीकडे सांगायचा. काम जवळपास चौपट झालं होतं, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली होती. त्या मजुराबद्दल तो ज्या तुच्छतेने बोलायचा तेही लोकांना खटकायचं. पुढे इतिहासकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा टेलरने ही गोष्ट बरीच रंगवून सांगितल्याचं दिसलं.

कीर्ती आणि स्टॉपवॉच

१९०१ मध्ये बेथलहेमने टेलरला काढून टाकलं. वरच्या साहेबांशी त्याचं पटत नव्हतं. हातात पैसा होता, त्यामुळे यानंतर त्याने पगारासाठी काम केलं नाही. त्याला आणि पत्नी लुईझला मूल नव्हतं. त्यांनी त्याच वर्षी आईवडील गेलेली तीन भावंडं दत्तक घेतली.

१९०६ मध्ये तो अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनियरांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्याने अध्यक्ष म्हणून धातू कापण्याच्या कलेवर निबंध मांडला. २६ वर्षांचा हिशोब त्यात होता. ३० ते ५० हजार नोंदवलेले प्रयोग. ८ लाख पौंड, म्हणजे ३ लाख ६० हजार किलोंहून जास्त लोखंड आणि पोलादाच्या चिप्स. खर्च दीड ते दोन लाख डॉलर.

१९११ मध्ये सायंटिफिक मॅनेजमेंटवरचं त्याचं पुस्तक आलं आणि तो जगप्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉचच्या विरोधात काम बंद केलं. प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं. चौकशी समिती बसली आणि १९१२ च्या जानेवारीत टेलरची चार दिवस उलटतपासणी झाली. संघटनांच्या लोकांनी त्याला चांगलंच कोंडीत पकडलं.

टेलर सांगत राहिला की त्याची पद्धत म्हणजे स्टॉपवॉच नव्हे, मालक आणि कामगार दोघांनी आपलं मन बदललं तरच ती चालेल, आणि दर वाढवून पुन्हा कापणारा मालक ही पद्धत वापरतच नाहीये. पण मालक लोकांनी त्यातलं स्टॉपवॉच तेवढं उचललं होतं. १९१५ मध्ये संसदेने लष्कराच्या कारखान्यांत स्टॉपवॉचने वेळ मोजण्यावर बंदी घातली.

२१ मार्च १९१५ रोजी, ५९ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, फिलाडेल्फियातल्या इस्पितळात न्यूमोनियाने टेलर गेला.

टेलर गेला, सूत्र राहिलं

टेलरच्या हयातीत कार्बाइड टूल नव्हतं. ते आलं १९२० च्या दशकात जर्मनीत. विजेच्या दिव्याची टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या महागड्या डाय लागायच्या, त्यांना पर्याय शोधताना टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टसारख्या धातूबरोबर भट्टीत घट्ट करायची पद्धत सापडली. क्रुप कंपनीने ते विडिया या नावाने बाजारात आणलं. विडिया म्हणजे हिऱ्यासारखं. हायस्पीड स्टीलपेक्षा कितीतरी जास्त वेगाने कापणारं.

पुढे पूर्ण टूल कार्बाइडचं करण्याऐवजी छोटा इन्सर्ट आणि त्याला धरणारा पोलादी होल्डर अशी जोडी रूढ झाली. एक धार गेली की इन्सर्ट फिरवायचा. टेलरने धार लावायचं काम टर्नरकडून टूल रूमकडे नेलं होतं, इन्सर्टने ते थेट कारखान्यात नेलं.

पण टेलरचं सूत्र बदललं नाही. वेग आणि टूलचं आयुष्य यांचं नातं त्याने मांडलं होतं. वेगाला आयुष्याच्या ठराविक घाताने गुणलं की उत्तर कायम राहतं. हा घात हायस्पीड स्टीलसाठी साधारण एक अष्टमांश आणि कार्बाइडसाठी साधारण एक चतुर्थांश.

याचा अर्थ काय? हायस्पीडचं टूल ६० मिनिटं टिकत असेल आणि वेग फक्त १० टक्के वाढवला तर ते साधारण २८ मिनिटं टिकेल. कार्बाइडचं साधारण ४१ मिनिटं. म्हणजे घाई दोघांनाही महागात पडते, हायस्पीडला जास्त. म्हणून जास्त माल काढायचा असेल तर आधी कटची खोली वाढवा, मग फीड, आणि वेगाला सगळ्यात शेवटी हात लावा. हे टेलरच्या आकड्यांतूनच निघतं.

आज दुकानात मिळणारा सीएनएमजी १२०४०८ हा इन्सर्ट घ्या. सी म्हणजे ८० अंशांचा चौकट आकार, धार मजबूत, रफिंगला चांगला. १२ म्हणजे धारेची लांबी साधारण १२.९ मिलिमीटर, ०४ म्हणजे जाडी साधारण पावणेपाच मिलिमीटर, आणि शेवटचे ०८ म्हणजे नाकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. टेलरचं गोल नाक ते हेच. गोलाई जास्त तर धार मजबूत, पण बारीक लांब जॉबला ढकलून थरथर आणणार. तिथे ०४ चा इन्सर्ट बरा.

टेलरने जॉबच्या धातूला पहिलं स्थान दिलं होतं. डब्यावरचा रंगही तेच सांगतो. निळा पोलादासाठी, पिवळा स्टेनलेससाठी, लाल बिडासाठी, हिरवा अॅल्युमिनियमसारख्या धातूंसाठी. बिडाचा ग्रेड स्टेनलेसवर चालवला तर इन्सर्ट कितीही महाग असो, धार जाणारच.

होल्डरचंही तसंच. टेलरचा आग्रह होता की टूल जाड असावं, धारेच्या खालीच त्याला आधार मिळावा. आजच्या भाषेत, टूल पोस्टमध्ये मावेल तेवढा जाड शँक घ्या, २५ बाय २५ बसत असेल तर २० बाय २० घेऊ नका, आणि टूल पोस्टच्या बाहेर कमीत कमी काढा. इन्सर्टची सीट घाण असेल, क्लॅम्प सैल असेल, तर चांगला इन्सर्टही तुटतो आणि दोष ग्रेडला दिला जातो.

बारापैकी एका प्रश्नापुढे मात्र टेलरनेही हात टेकले होते. तो म्हणजे थरथर, चॅटर. मशीनिस्टच्या समोरची ही सगळ्यात अवघड आणि गूढ अडचण आहे, आणि तिला सूत्रात बसवता येत नाही, हे त्याने आपल्या निबंधातच मान्य केलं होतं. ज्या माणसाने टर्नरचा अंदाज शॉपमधून हद्दपार करायला २६ वर्षं घातली, त्याने ही एक जागा टर्नरच्या कानासाठी मोकळी सोडली.

आजही इन्सर्टच्या डब्यावर वेग, फीड आणि कटची खोली छापलेली असते. त्या आकड्यांवरून काम सुरू करायचं असतं. कटचा आवाज बदलला की पुढचं ऑपरेटर बघतो.